दोन बोटं आखूड

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२० नोव्हेंबर २०२४

अक्का,

नमस्कार तुझ्या पायाशी ठेवून लगेच मुद्द्यावर येते. तुझा मल्लेश शाहूपुरीत माल पोचवायला गेलाय, तो परत येईपर्यंत हे पत्र संपायला हवं. फोनवर आपलं बोलणं म्हणजे भांडण. तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस. त्यापेक्षा कागद बरा, त्याला तू मध्येच तोडू शकत नाहीस.

चहा पिताना तुझ्या लेकानं सांगितलं ते खरं का? उन्हाळ्यापासून म्हणे तुझ्या हातचा पैंजणांचा जोड सारखा येत नाही. एक पैंजण मापाचं आणि दुसरं चांगलं दोन बोटं आखूड. गणपतराव व्यापाऱ्यांनी दोनदा माल परत धाडला. आपले अप्पा काय म्हणायचे आठवतं ना? जोड म्हणजे जोड, त्यात उजवं-डावं नसतं. त्या अप्पांच्या हाताखाली तू साखळी जोडायला शिकलीस, आणि अख्ख्या हुपरीत तुझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मल्लेश रागावलेला नाही गं. बिचारा कपातला चहा ढवळत बसला आणि म्हणाला, "मावशी, आमच्या अव्वाला आता बस कर म्हणून कोण सांगणार? तू सांग की."

म्हणून सांगते. बस कर आणि माझ्याकडे राहायला ये. दोन खोल्या आहेत, तळमजला आहे, संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बसू. हे मी तुझ्यासाठी म्हणतेय. मला काही कमी नाही. पेठेतल्या निम्म्या बायका मनातलं सांगायला माझ्याकडे येतात. समोरच्या इरावतीताईंना सुनेच्या प्रत्येक भाजीत मीठ जास्त लागत होतं. मी त्यांना सांगितलं, भाजीत मीठ जास्त नाही, तुमचा मुलगा तिचा जास्त झालाय. दोन दिवस बोलल्या नाहीत, म्हणजे पटलं असणार. शाळा सुटली तरी ही मास्तरकी काही सुटत नाही बघ.

मल्लेशच्या गाडीचा आवाज आला. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझी
महादेवी


हुपरी
२४ नोव्हेंबर २०२४

तंगी देवी,

धाकट्या बहिणीला आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहिणार नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली. शांतपणे लिहायला बसले की पुस्तकातलं मराठी येतं आणि राग आला की आपलं येतं. आत्ता राग नाही.

जोड आखूड येतो हे खरं आहे. कसा येतो ते सांगते. कामाच्या पाटावर अप्पांनी मारून दिलेले दोन खिळे तुला आठवत असतील. साखळी एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत धरायची, तोडायची, फासा लावायचा, मग घुंगरू. पहिलं पैंजण बरोबर येतं. दुसरं करताना पण मी खिळ्याकडेच बघते, निदान मला तसं वाटतं. दोन्ही शेजारी ठेवली की दिसतं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नाताळाच्या सुमारास इचलकरंजीत ऑपरेशन ठरलंय. डोळा स्वच्छ झाला की माप येईल. त्यात एवढं चहा ढवळण्यासारखं काही नाही.

कोल्हापूरला येऊन मी काय करू? तुझ्या दोन खोल्यांत माझा पाट कुठं मांडू? विद्याश्रीसारखी सून आहे, ती मला काडी उचलू देत नाही. हाताला एवढं एकच काम आहे, ते गेलं तर सकाळी उठायचं कशाला? आणि माझ्यासाठी म्हणतेस, ते राहू दे. तुला एकटीला करमत नाही असं सरळ लिही, मी राग मानणार नाही.

त्यापेक्षा तू ये. तुझे दाजी गेले तेव्हा मातीला आलीस आणि संध्याकाळच्या बसनं परत गेलीस. त्याच्या आधी कधी आली होतीस ते मला आठवत नाही. तुला आठवलं तर लिही.

शेंगांची चटणी पाठवली आहे. तिखट कमी घातलंय, तुझं पोट आता शहरातलं.

अक्का


कोल्हापूर
२ डिसेंबर २०२४

अक्का,

चटणी संपत आली. तिखट कमी घातलंस असं तू म्हणतेस.

मला न करमायला काय झालं? वाचनालय आहे, भिशी आहे, इरावतीताई पुन्हा बोलायला लागल्यात. हुपरीला येत नाही त्याचं कारण साधं आहे. एसटीच्या पायऱ्या उंच असतात, आणि पोलिओनं बारीक राहिलेला माझा डावा पाय तुला काही नवा नाही. या वयात तो मला आणखीच छळतो.

आता तुझ्या डोळ्यांचं. रागावू नकोस, पण मला ते पटत नाही. डोळ्यांची चूक असती तर पैंजण कधी लांब झालं असतं, कधी आखूड, कधी पहिलं बिघडलं असतं, कधी दुसरं. तुझी चूक मात्र ठरलेली आहे. ती दुसऱ्यातच होते आणि तेवढीच होते. अशी चूक डोळे करत नाहीत अक्का, ती मन करतं आणि माणसाला सांगत नाही.

मी पुष्कळ विचार केला. पहिलं पैंजण म्हणजे तू, दुसरं म्हणजे दाजी. दाजी गेले आणि जोड मोडला. मातीच्या दिवशी तुझ्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तू चहा विचारत होतीस. जे तोंडानं बोलली नाहीस ते आता हात बोलतायत. एकदा मनसोक्त रड आणि काही दिवस तरी ते घर सोड. तिथं जिकडं बघशील तिकडं दाजीच दिसणार.

पुरं वाच, मध्येच चुरगाळू नकोस.

महादेवी


हुपरी
८ डिसेंबर २०२४

देवी,

राग आलाय, तवा आपलंच लिहिते.

तुझं दाजी आखूड न्हवतं. दारातनं येताना वाकाय लागायचं त्यास्नी. त्यांच्या नावानं मी रडले का न्हाय, ते तू संध्याकाळच्या बसनं गेल्यावर इचारायचं व्हतं. पावण्यांना च्या कोण इचारणार? तू इचारलास?

आणि तुझा अंदाज बी चुकलाय. दाजी गेलं मागल्या सालच्या दिवाळीत. त्याच्यानंतर थंडीभर मी काम केलं, एक जोड परत आला न्हाय. आखूड यायला लागलं ते उन्हाळ्यात. मन दुखायचंच असतं तर दिवाळीत दुखलं असतं, उन्हाळ्याची वाट बघत बसलं नसतं.

एसटीच्या पायऱ्या म्हणतीस. शाळेच्या बायकांबरोबर गोव्याला गेलतीस, त्या गाडीला पायऱ्या न्हवत्या व्हय? तू का येत न्हाईस ते मी सांगते. तू मास्तरीण झालीस. ह्या गल्लीतला चांदीचा धूर, काळी बोटं, कानडी-मराठीची खिचडी, हे तुला आता आपलं म्हणायची लाज वाटती. तसं लिही. मला सोसंल.

पेठेतल्या बायकांचं मीठ मोज. माझं मोजू नकोस.

अक्का


कोल्हापूर
३० डिसेंबर २०२४

अक्का,

इतके दिवस लिहिलं नाही. चार वेळा कागद घेतला आणि ठेवला.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे मल्लेशनं फोनवर सांगितलं. मी यायला हवं होतं. थंडी होती, गुडघा धरला होता, असं काहीतरी त्याला मी सांगितलं. तुला तेच सांगायला हात धजत नाही.

दाजींबद्दल लिहिलं ते चुकलं. दिवाळीनंतरचे महिने मी मोजलेच नाहीत. गोष्ट जुळली की मला ती खरीच वाटते.

पण लाजेचं तुझं खरं नाही. माझे वडील हुपरीत चांदीचं काम करायचे, हे मी शाळेतल्या प्रत्येक वर्गाला सांगत आले. मग मी येत का नाही? माझ्यापुरतं एक उत्तर माझ्याकडे होतं, पायऱ्यांचं. तुझं गोव्याचं वाक्य वाचलं आणि ते उत्तर गेलं. दुसरं शोधतेय. दुसऱ्यांची उत्तरं मला चहा होईपर्यंत सापडतात, हे मात्र सापडत नाही. खरं सांगते, या गोष्टीची मला थोडी भीती वाटली.

आणखी एक. संक्रांतीनंतर तुला माझ्याकडे पाठवायचं असं मल्लेश म्हणतोय. त्यानं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तुला आधी विचारायला हवं होतं.

महादेवी


हुपरी
६ जानेवारी २०२५

तंगी देवी,

आता राग नाही.

डोळा छान झाला. भिंतीवरची पालसुद्धा दिसायला लागली, ती नसती दिसली तर बरं होतं. दोन आठवड्यांनी नवा चष्मा मिळेल. पण जोड आखूडच येतो. पट्टी काढल्यावर पहिल्याच दिवशी केला, अगदी खिळ्यावर बोट ठेवून. दुसरं पैंजण दोन बोटं कमी. तेव्हा डोळ्यांचं माझं म्हणणं गेलं. तुझं पण गेलं आणि माझं पण गेलं.

परवा डोळा दाखवायला इचलकरंजीला गेले होते. परत आले तर पाट जागेवर नाही. मल्लेशनं तो माळ्यावर टाकला. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मी नसताना टाकला. त्याला तरी काय बोलू? माल परत येतो तेव्हा व्यापाऱ्याचं त्यालाच ऐकावं लागतं. संक्रांत झाली की कोल्हापूर, असं म्हणतो. तुझ्या घरी मला दुःख होणार नाही, मला ठाऊक आहे. पण पाट नसला की सकाळ संपत नाही, देवी. मी नळावर दोनदा जाऊन येते, तरी संपत नाही.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. बिघडलेला जोड आम्ही उसवतो आणि ती चांदी पुन्हा कामात घेतो. आमच्या धंद्यात चांदी कुणी अडकवून ठेवत नाही. हे आखूड जोड मात्र मी उसवू दिले नाहीत. बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवलेत. का म्हणून विद्याश्रीनं विचारलं, मला सांगता आलं नाही.

त्यातला एक जोड मल्लेशबरोबर पाठवते. तुला सगळ्यांच्या मनातलं कळतं ना, मग हे बघ. कळलं तर लिही. नाही कळलं तर मी येतेच आहे, दोघी मिळून बघत बसू.

अक्का


कोल्हापूर
१४ जानेवारी २०२५

अक्का,

तिळगूळ मल्लेशच्या हाती दिलाय. आधी तो खा, मग पुढं वाच.

तुझा जोड आला त्या दिवसापासून टेबलावर होता. मी त्याच्याभोवती फिरत होते. दोन-तीन गोष्टी जुळवूनही झाल्या, सगळ्या छान होत्या. मनात असंही येत होतं की न कळलेलंच बरं, म्हणजे अक्का येईल. हे लिहायची लाज वाटते, पण आलं खरं.

काल सकाळी आंघोळ करून उन्हात बसले होते. सहज पायात घालून बघितला. सहज म्हणते आहे, पण पन्नास वर्षांत मी पैंजण पायात घातलेलं नाही. लांब होतं ते उजव्या पायात घातलं. आखूड होतं ते डाव्या.

अक्का, डावं बसलं. घोट्याला धरून नीट बसलं. चिंधी लागली नाही.

तुला चिंधी आठवते? अप्पा जोड सारखाच करायचे. एक पैंजण लहान केलं तर लोक म्हणतील नागाप्पाला माप येत नाही. म्हणून माझ्या डाव्या पायातलं टाचेवर घसरायचं, आणि रोज सकाळी शाळेच्या आधी तू आपल्या अव्वाच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या घोट्याला गुंडाळायचीस, त्याच्यावर फासा अडकवायचीस. वर परकर ओढून घ्यायचीस, कुणाला दिसू नये म्हणून. तोंडानं कधी काही म्हणाली नाहीस. मोठ्या शाळेत गेले तेव्हा मी सांगितलं की तिथं पैंजण चालत नाहीत. शाळेनं कधीच मनाई केली नव्हती.

मी उन्हात बसून रडले. इरावतीताई धावत आल्या.

आता दुसरं. उन्हाळ्यापासून मी काठी घेऊन चालते. डाव्या पायातला जोर कमी होतोय, डॉक्टर म्हणतात आता तो असाच कमी होत जाणार. काठी मल्लेशनंच आणून दिली. तुला सांगायचं नाही अशी मी त्याला शपथ घातली होती. तू काठी बघू नयेस म्हणून मी येत नव्हते, असं आता लिहिता येईल. पण काठी उन्हाळ्यातली, आणि मी तर त्याच्या आधीपासूनच येत नव्हते. तेव्हा हेही उत्तर पुरत नाही.

ह्या सगळ्याचा अर्थ मी लावणार नाही. तुझ्या हातांना काय म्हणायचं होतं ते मी सांगणार नाही. जोड माझ्या पायात बसला, एवढंच लिहिते.

आज सकाळी मल्लेशला फोन करून सांगितलं की पाट माळ्यावरून खाली काढ. अक्काला इकडं पाठवू नकोस, ती आपण होऊन म्हणाली तरच. तुला मी इतके दिवस कुणासाठी बोलावत होते, हे मला आता छातीठोक सांगता येत नाही.

महादेवी


हुपरी
२९ जानेवारी २०२५

तंगी देवी,

पाट जागेवर आला. मल्लेशनं स्वतः पुसून मांडला आणि बाहेर गेला. कोल्हापूरचं नाव आता घरात कुणी काढत नाही.

तुझं पत्र मी चिंधीपर्यंत वाचलं. पुढचं विद्याश्रीला वाचायला लावलं, माझा चष्मा आला नव्हता असं तिला सांगितलं.

मी तुझा पाय मनात धरून काम केलं असं तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस. मी तसं केलं नाही. मी व्यापाऱ्याचा माल करत होते, खिळ्याकडे बघत होते. कुणी गळ्याची आण घातली तरी मी हेच सांगेन.

काठीचं मला ठाऊक नव्हतं. मल्लेशला विचारलं, तो म्हणाला मी घरात कुणाशी बोललो नाही. तेवढ्यात विद्याश्री माझ्याकडे बोट करून म्हणाली, "बोललाय की. उन्हाळ्यात जेवताना मला सांगितलंत, मावशींना काठी आणून दिली म्हणून. अत्ती समोरच बसलेल्या. त्यास्नी ऐकू येत न्हाय म्हणून तुम्ही बोललासा."

मला ऐकू आलं नव्हतं, देवी. त्या दिवशी काय भाजी होती ते पण मला आठवत नाही. माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. मी अजूनही हेच म्हणते. पण विद्याश्रीचं ऐकल्यावर दोन दिवस मी कुणाशी फार बोलले नाही.

आता जोड सारखा येतो. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नवा चष्मा आला, तेव्हा कशानं झालं ते कोण सांगणार? मल्लेश म्हणतो चष्म्यानं. गणपतरावांनी माल ठेवून घेतला आणि काम पहिल्यासारखं झालं म्हणून निरोप धाडला. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण वाटलं नाही. सारखी पैंजणं पाटावर शेजारी शेजारी पडलेली बघितली आणि काहीतरी संपलं असं वाटलं.

मग ठरवलं की तुझ्यासाठी एक जोड मुद्दाम करायचा. बारीक घुंगरू घेतले, तुला आवाज जास्त आवडत नाही. पहिलं पैंजण झालं. दुसरं दोन बोटं कमी धरलं. मग वाटलं, पाय आणखी वाळला असेल, अर्धं बोट आणखी काढलं. मग वाटलं, काठी धरून चालताना सूज येत असेल, परत घातलं. सबंध दिवस घालत होते आणि काढत होते. विद्याश्रीनं दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी सगळं उसवून ठेवलं. मला तुझ्या पायाचं माप येत नाही. उन्हाळ्यापासून न बघता कसं येत होतं ते मला विचारू नकोस, मी पण मला विचारायचं सोडून दिलं आहे.

डब्यातले जोड तसेच आहेत. पण ते व्यापाऱ्याच्या नावानं केलेले. तुझ्या नावाचा एक मला करायचा आहे, अप्पांनी केला नाही तसा.

अप्पांचा मापाचा दोरा शोधून काढला आहे. सकाळच्या बसनं ये. मल्लेश स्टँडवर उभा राहील, पायऱ्या उतरताना हात देईल. काठी दारात ठेव किंवा आत आण, मी बघणारच आहे. संध्याकाळच्या बसनं जायचं नाही.

तू का येत नव्हतीस ते सापडलं नसेल तर राहू दे. पाय घेऊन ये.

अक्का